टोयोटाची इंजिनं: कोणतं घ्यावं, कसं सांभाळावं

गॅस्केट (धागाकर्ता)

जुनी टोयोटा घ्यायची किंवा आहे त्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की "टोयोटा आहे ना, मग डोळे झाकून घ्या" हा सल्ला हमखास मिळतो. डोळे उघडे ठेवलेले बरे. एकाच मॉडेलच्या बॉनेटखाली दोन वर्षांच्या फरकाने वेगळंच इंजिन निघतं. त्यातलं एक तीन लाख किलोमीटर निमूट चालतं, तर दुसरं लाख-सव्वा लाखातच ऑइल खायला लागतं. म्हणून गाडीचं नाव नंतर, आधी कोड.

कोड वाचायला सोपा आहे. पहिला आकडा कुळातला क्रमांक, पुढची एक-दोन अक्षरं कुळाची, आणि डॅशनंतर गुणधर्म. एफ म्हणजे दोन कॅमशाफ्टचं, व्हॉल्व्हचा कोन अरुंद असलेलं रोजच्या वापराचं हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग). जी म्हणजे कोन रुंद, ताकदीसाठी काढलेलं. ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन, एस म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, टी म्हणजे टर्बो, व्ही म्हणजे कॉमन रेल डिझेल. एक्स दिसला की अ‍ॅटकिन्सन सायकल (इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटवण्याची पद्धत), म्हणजे बहुतेक वेळा हायब्रिड. २०१७ पासूनच्या नव्या पिढीत पद्धत बदलली: ए२५ए-एफकेएस मधले २५ हे सरळ २.५ लिटर सांगतात.

माझं मत असं. छोट्यात १एनझेड-एफई (१४९७ सीसी, चेन) अजूनही सगळ्यात बिनघोर. १.८ मध्ये जुन्या १झेडझेड-एफईपेक्षा २झेडआर-एफई घ्या. २एझेड-एफई (२३६२ सीसी) टाळा आणि त्याच्या जागी आलेलं २एआर-एफई (२४९४ सीसी) शोधा. पेट्रोल एसयूव्हीत २टीआर-एफई पितं भरपूर, पण मोडत नाही. आणि १एझेड-एफएसईला लांबूनच नमस्कार: सुरुवातीचं डायरेक्ट इंजेक्शन, इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनचे थर आणि हाय-प्रेशर पंप गळला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये.

नवं म्हणजे निर्धोक असंही समजू नका. व्ही३५ए-एफटीएस या ट्विन टर्बो व्ही-६ साठी २०२४ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण काय, तर मशिनिंगचा कचरा इंजिनात राहिला आणि मेन बेअरिंगवर आला.

---

डिझेलदादा

२एझेडबद्दल थोडी भर. त्या इंजिनाची दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक ती एकत्र करतात. आधीच्या वर्षांत अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमधले हेड बोल्टचे आटे जातात, विशेषतः फायरवॉलकडच्या ओळीतले. खूण म्हणजे इंजिनाच्या मागच्या बाजूला हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर वाळलेल्या कूलंटची गुलाबी पपडी. नुसतं गॅस्केट बदलून काही होत नाही. सगळ्या भोकांत स्टीलचे इन्सर्ट बसवायचे, फक्त गेलेल्या भोकात नाही, कारण शेजारचे आटे पुढच्या टायटनिंगला सुटतात. नंतरच्या वर्षांत, साधारण २००७ ते २००९, आटे सुधारले पण पिस्टन रिंग बिघडल्या आणि इंजिन ऑइल खाऊ लागलं. म्हणजे वर्ष बघून कुठलं दुखणं शोधायचं ते ठरवा.

---

साधा_चालक

धागा उपयोगी आहे. माझ्याकडे १झेडझेड-एफई आहे. हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑइल कमी होतं. खाली थेंब नाही, धूरही दिसत नाही. जाड ऑइल टाकावं की रिंग बदलाव्यात?

---

फिलरगेज

@साधा_चालक, आधी "साधारण" काढून टाका आणि नीट मोजा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मग डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरायचं. हजार किलोमीटर झाले की त्याच जागी, त्याच पद्धतीने मापाच्या भांड्याने पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरायचं. भांड्यातून गेलं तेवढं खाल्लं. टोयोटाने २एझेडच्या तपासणीला जी रेषा धरली होती ती १२०० मैलांना एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १९०० किमीला ०.९५ लिटर. तुमचा आकडा बरोबर त्या रेषेवर बसतो.

कारण माहीतच आहे: पहिल्या काही वर्षांच्या १झेडझेडच्या पिस्टनला ऑइल रिंगच्या खाचेत परतीची भोकं बारीक आणि कमी. ती कार्बनने बुजली की रिंग चिकटते, आणि लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) ऑइल खरवडून खाली जाण्याऐवजी जळतं. धूर दिसत नाही कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तो पचवतो. कन्व्हर्टर मेला की मग दिसेल.

क्रम असा ठेवा:

१. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठलेला वायू इनटेककडे सोडणारा). काढून हलवा, खडखडला पाहिजे. स्वच्छ नळी लावून इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर हवा जाते, मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकलं तर जवळजवळ जात नाही. शंका असेल तर नवा टाका.

२. चारही प्लग काढून क्रमाने मांडा. एखादाच ओला-काळा असेल तर तो एक सिलिंडर. चारही सारखे असतील तर रिंगचंच काम.

३. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून बराच वेळ गेल्यावर पुन्हा दाबताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील. जोर लावताना सतत आला तर रिंग.

४. रिंग चिकटल्याचा संशय असेल तर एकदा सोक करून बघा. क्रँक फिरवून चारही पिस्टन मधोमध आणा, प्रत्येक सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारं द्रव थोडं थोडं ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग न लावता, इंजेक्टर आणि कॉइलचे वायरचे कनेक्टर काढून, वर फडकं धरून स्टार्टर मारा. राहिलेलं द्रव बाहेर उडतं. हे विसरून प्लग लावले तर द्रव दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर ऑइल आणि फिल्टर बदलायचेच.

यानेही आकडा खाली आला नाही तर मोठ्या भोकांचे सुधारित पिस्टन आणि रिंग. जुन्या पिस्टनला ड्रिल मारणारे आहेत, मी मारणार नाही. आणि हेड उतरवल्यावर लायनर मोजा. पातळ बीडाचे लायनर अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतलेले आहेत, कंपनी ओव्हरसाइझ पिस्टन देत नाही. बोअर अंडाकृती निघाला तर ब्लॉक बदलणं हाच मार्ग.

---

साधा_चालक

आणि जाड ऑइलचं?

---

ओबीडी

चिकटलेली रिंग ५डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४० टाकल्याने सुटत नाही. खप थोडा कमी होतो, कारण तसाच राहतो.

मात्र "०डब्ल्यू-२० सोडून दुसरं टाकलं की इंजिन गेलं" हेही खरं नाही. टोयोटाच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की सतत वेगात किंवा जास्त भाराखाली गाडी चालत असेल तर जाड ऑइल अधिक योग्य ठरू शकतं. मॅन्युअलच्या तक्त्यात ज्या ज्या श्रेणी आहेत त्यांतली कोणतीही चालते. व्हीव्हीटी-आय (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) ऑइलच्या दाबावर चालतं, म्हणून तक्त्याबाहेरचं २०डब्ल्यू-५० टाकलं तर थंड इंजिनात कॅम वेळेवर सरकत नाही.

मापं: १एनझेड-एफई ३.७ लिटर, २झेडआर-एफई ४.२, २एआर-एफई ४.४, १जीडी-एफटीव्ही ७.५, सगळी फिल्टरसकट. एकदम सगळं ओतू नका. अर्धा लिटर हातात ठेवा आणि डिपस्टिक बघून पुरं करा.

---

डिझेलदादा

आता डिझेल. १केडी-एफटीव्ही (२९८२ सीसी) आणि २केडी-एफटीव्ही (२४९४ सीसी) यांच्याबद्दल सगळे टायमिंग बेल्टचं बोलतात. तो दीड लाख किलोमीटरला बदलायचा, काही देशांत एक लाखाला. डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा लागतो. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर बदला. विषय संपला.

खरं लक्ष द्यायचं ते इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वायसरकडे. विशेषतः १केडी. वायसर नीट बसला नाही की ज्वलनाचा वायू इंजेक्टरच्या बाजूने वर येतो आणि रॉकर कव्हरखाली शिरतो. तिथे काजळी ऑइलमध्ये मिसळून डांबरासारखी घट्ट होते, खाली सम्पमध्ये (ऑइलच्या टाकीत) उतरते आणि ऑइल पंपाच्या चाळणीत अडकते. चाळणी बुजली की दाब पडतो. आधी टर्बो जातो, मग बेअरिंग. मालकाला वाटतं टर्बोच वाईट होता. नवा टर्बो टाकतो, तोही जातो.

ओळखायचं कसं? इंजिन गार असताना ऑइल भरायचं झाकण काढा. आतून कडक, खरखरीत काळी खपली असेल तर संशय धरा. डिझेलचं ऑइल काळं असतंच, त्यावर जाऊ नका, खपली बघा. पक्कं करायचं तर खालचा छोटा सम्प उतरवून चाळणीची जाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. जुनी गाडी घेत असाल तर हे काम घ्यायच्या आधी करून घ्या.

इंजेक्टर काढलात तर:

- जुना वायसर कधीकधी खाली सीटलाच चिकटून राहतो. तो न काढता वर नवा बसवला की दोन वायसर होतात आणि गळती ठरलेली. टॉर्च लावून बघा.
- सीट कटरने हलक्या हाताने साफ करा. आधी भोकात ग्रीस लावलेला कापडाचा बोळा सारा, म्हणजे कार्बन सिलिंडरमध्ये पडत नाही. बोळा बाहेर काढायला विसरू नका.
- तांब्याचा वायसर पुन्हा वापरायचा नाही, दिसायला कितीही चांगला असला तरी.
- परतीच्या डिझेलची नळी रॉकर कव्हरच्या आत आहे. तिचे वायसरही नवे. कव्हर लावण्याआधी नळीत हवेचा हलका दाब देऊन सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर पुन्हा घट्ट करा. इथे गळलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढते आणि लोक खूश होतात की इंजिन ऑइल खात नाही!
- इंजेक्टर बदलले असतील तर प्रत्येकाच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) घालायचा, त्या त्या सिलिंडरच्या जागी. नाहीतर थंडीत खडखड आणि धूर.

स्कॅनरवर इंजेक्शन फीडबॅक व्हॅल्यू (ईसीयू त्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त देतं तो आकडा) बघता येते. इंजिन गरम, आयडलवर, चारही उणे ३ ते अधिक ३ घन मिमी प्रति स्ट्रोकच्या आत असतील तर ठीक. एखादा त्याच्या बाहेर पळत असेल तर तो सिलिंडर इतरांना ओढायला लावतोय किंवा स्वतः ओढला जातोय. पण लगेच इंजेक्टर बदलू नका, आधी त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन.

---

नवी_डिझेलवाली

१जीडी हे नवं डिझेल घेतलं तर हे सगळं टळतं का?

---

डिझेलदादा

बेल्ट टळतो, चेन आहे. बदल्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, येतो (जिथे बसवलेला आहे तिथे). रोज चार-पाच किलोमीटरच गाडी फिरत असेल तर फिल्टरला काजळी जाळण्याइतकी उष्णता मिळत नाही. रिजनरेशन (ती काजळी जाळण्याचं काम) अर्ध्यात बंद करत राहिलात तर जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा वापराला पेट्रोल घ्या, ताई. घेतलंच तर कमी राखेचं ऑइल, एसीईए सी२ किंवा जासो डीएल-१ या मानकाचं. सीआय-४ चं साधं डिझेल ऑइल डीपीएफ असलेल्या इंजिनात नको, त्याची राख फिल्टरमध्ये कायमची बसते.

---

गॅसवर_चालते

१एनझेड गॅसवर चालवतोय. टॅपेटचा आवाज अजिबात नाही, मस्त गप्प आहे. तरी क्लिअरन्स (कॅम आणि टॅपेटमधली फट) बघावा लागतो का?

---

फिलरगेज

गप्प आहे म्हणूनच बघा. गॅसवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो आणि क्लिअरन्स कमी होतो. शून्यावर आला की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कडा जळते आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं. टकटक करणारा टॅपेट त्रास देतो, पण व्हॉल्व्ह जाळत नाही.

१एनझेडला हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर नाहीत, म्हणून हात घालावा लागतो. (२झेडआरला रोलर रॉकर आणि हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर आहेत, तिथे हे काम नाही.) इंजिन पूर्ण गार हवं. इनटेक ०.१७ ते ०.२३ मिमी, एक्झॉस्ट ०.२७ ते ०.३३ मिमी.

पुलीवरची खूण शून्यावर आणि दोन्ही कॅम स्प्रॉकेटच्या खुणा वर आल्या की एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आहे. या स्थितीत इनटेक १ व २, एक्झॉस्ट १ व ३ मोजायचे. मग क्रँक एक पूर्ण फेरा घड्याळाच्या दिशेने, आणि इनटेक ३ व ४, एक्झॉस्ट २ व ४. गेज किंचित अडकत सरकला पाहिजे. सगळे आकडे कागदावर.

वेगळी शिम (जाडी जुळवणारी चकती) नाही, बकेटच (टॅपेटची वाटी) बदलायची, ०.०२ मिमीच्या टप्प्यांत मिळते. हिशेब: नवी जाडी = जुनी जाडी + (मोजलेला क्लिअरन्स − हवा तो). एक्झॉस्टला जुनी बकेट ५.२५० आणि मोजलेला ०.१३, हवा ०.३० असेल तर ५.२५० + ०.१३ − ०.३० = ५.०८० मिमी. जुन्या बकेटवरच्या आकड्यावर विसंबू नका, मायक्रोमीटरने मोजा, झिजलेली असू शकते.

कॅम काढण्याआधी चेनच्या कडीवर आणि स्प्रॉकेटच्या दात्यावर रंगाने खूण करा, तारेने चेन वर बांधून ठेवा. १झेडझेडला टेन्शनर बाहेरून दोन नटांवर आहे. तो काढल्याशिवाय कॅम हलवू नका, आणि बसवताना प्लंजर आत दाबून हुकमध्ये अडकवून बसवा. मग क्रँक थोडा उलटा फिरवला की हुक सुटतो. शेवटी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका.

---

टॉर्करेंच

+१. उष्ण इंजिनात क्लिअरन्स मोजून कामगिरी केल्याच्या आविर्भावात फिरणारे फार आहेत.

---

ओबीडी

व्हीव्हीटी-आयचे कोड आले की दुकानदार थेट कॅम गिअर विकतो, म्हणून क्रम लिहितो. पी००११ म्हणजे कॅम पुढे अडकला, पी००१२ म्हणजे मागे. आधी ऑइलची पातळी आणि ऑइल केवढं जुनं आहे ते बघा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह: दोन पिनांमध्ये २० अंशाला ६.९ ते ७.९ ओहम हवा. बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर देऊन आतला स्पूल हलतो का बघा. व्हॉल्व्हला जाणाऱ्या ऑइलच्या मार्गात एक छोटी जाळी असते, ती स्वतंत्र बोल्टखाली लपलेली असते आणि तिचं अस्तित्वच लोकांना माहीत नसतं. ती काढून धुवा.

पी००१६ मात्र वेगळा. क्रँक आणि कॅमचा मेळ जुळत नाही, म्हणजे चेन ताणली किंवा स्प्रॉकेटवर एक दात सरकली. "चेन आयुष्यभर चालते" हे वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनापुरतं खरं.

---

शांत_सवारी

हायब्रिडवाल्यांसाठी काही? २झेडआर-एफएक्सई, २०१० च्या पुढची प्रियस.

---

गॅस्केट

इंजिन म्हणून चांगलं, पण ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इनटेकमध्ये नेणारी यंत्रणा) त्याचा काळ. ईजीआर कूलर आणि इनटेक मॅनिफोल्डमधली चार बारीक छिद्रं कार्बनने भरतात. सगळी सारखी भरत नाहीत, त्यामुळे काही सिलिंडरांना थंडावा मिळतो आणि काहींना नाही. पुढे हेड गॅस्केट जातं. पहिली खूण: रात्रभर उभी गाडी सकाळी चालू झाल्यावर काही सेकंद जोरात थरथरते आणि मग ठीक होते, आणि रिझर्व्हायरमधलं कूलंट महिन्याला थोडं थोडं कमी होतं. तेवढ्यात थांबवा.

कूलर, व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड एकत्रच काढून साफ करा. नुसता व्हॉल्व्ह साफ केला तर कूलर पुन्हा भरवतो. कूलरमधून पाणी मोकळं वाहिलं पाहिजे, ठिबकता कामा नये. गॅस्केटचा संशय असेल तर रिझर्व्हायरच्या तोंडावर निळ्या द्रवाची ज्वलनवायू चाचणी, द्रव पिवळं झालं की निकाल लागला.

कॉम्प्रेशन मोजलंत तर आकडा लहान येईल, घाबरू नका. अ‍ॅटकिन्सनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. सिलिंडरांची आपसात तुलना करा. आणि कूलंटचा पंप विजेचा आहे, हवा काढताना तो स्कॅनरने चालवावा लागतो. इन्व्हर्टरचं कूलंट वेगळं, त्याची टाकी वेगळी.

---

टॉर्करेंच

कूलंटचं दोन ओळींत. गुलाबी सुपर लाँग लाइफ तयार मिसळलेलं येतं, पाणी घालायचं नाही. पहिल्यांदा १ लाख ६० हजार किमीला, नंतर दर ८० हजारांना. जुनं लाल हे वेगळं, ते दर ४० हजारांना. टाकीत तपकिरी पाणी दिसलं तर कोणीतरी नळाचं पाणी भरलेलं आहे, सौद्यात ते धरा.

---

साधा_चालक

शेवटचं. ब्लॉक खराब निघाला तर वापरलेलं इंजिन घेताना काय बघू?

---

फिलरगेज

ब्लॉकवर ठोकलेला कोड स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या स्टिकरवर जाऊ नका. झाकण काढून आत टॉर्च: कॅम फिकट पिवळसर असेल तर चालेल, काळा चिखल असेल तर परत. क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून दोन पूर्ण फेरे हाताने. प्लगच्या भोकातून बोअरोस्कोप, लायनरवर उभे ओरखडे नकोत.

कॉम्प्रेशन: सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा, सिलिंडरांमध्ये ९८ किलोपास्कलहून (१ किलो प्रति चौ. सेमी) जास्त नको. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

बसवायच्या आधी मागचा क्रँक सील, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि १झेडझेडचा टेन्शनर ओ-रिंग बदलून टाका. इंजिन बाहेर असताना अर्ध्या तासाचं काम, आत गेल्यावर दिवसाचं. तुमच्या गाडीचे सेन्सर आणि वायरिंग हार्नेस तसेच ठेवा, इम्मोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) ईसीयूशी बांधलेला आहे. क्रँक-कॅमवरच्या, सेन्सर वाचतो त्या दात्याच्या चकत्या आणि सेन्सर एकाच वर्षाचे आहेत का तेवढं जुळवून बघा.

---

साधा_चालक

आभारी आहे. ड्रेन प्लगला किती टॉर्क?

---

टॉर्करेंच

एम१२ चा प्लग, १४ चा पाना, ३७ न्यूटन-मीटर, दरवेळी नवा वायसर. २झेडआर असतं तर फिल्टरच्या प्लास्टिक कपाला २५, आणि कपाखालच्या छोट्या प्लगला १२.५. दोन्ही ओ-रिंग नव्या, ऑइल लावून. थेंब येत राहिला तर वायसर आणि बसायची जागा बघा, पाना आणखी ओढला तर सम्पचे आटे जातील.